हिंग्वाष्टक: पहिल्या घासाचं चूर्ण

हिंग्वाष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यायचं असतं. आपल्याकडे मात्र पंगतीतून उठल्यावर, चौथी पुरणपोळी पोटात गेल्यानंतर, ते तळहातावर घेऊन चाटलं जातं. थोडं बरं वाटतं, ढेकर येते, आणि चूर्णाचं काम एवढंच असा समज होऊन बसतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हा पाठ चिकित्सास्थानात, गुल्माच्या म्हणजे वायूनं पोटात गोळा उठण्याच्या प्रकरणात आला आहे. तिथं घेण्याची रीतही सांगून ठेवली आहे: तुपात कालवून, पहिल्या घासाबरोबर. घटकद्रव्यं सगळ्यांना पाठ असतात. विसरली जाते ती ही रीत.

घरी करायला हे चूर्ण सोपं आहे. आठांपैकी सहा वस्तू बहुतेकांच्या मिसळणाच्या डब्यात किंवा फडताळात असतातच. तरी कुटायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: घरात हे कोणासाठी करायचं आहे?

हे चूर्ण कोणाचं

जेवल्यावर पोट फुगतं, गुरगुरतं, वायू अडकून कळ येते, अन्न तासन् तास तसंच बसून राहिल्यासारखं वाटतं, भूक मंद असते, जिभेवर पांढरा थर दिसतो. अशा माणसाचं हे चूर्ण. वालाची उसळ, पावटे, हरभऱ्याची डाळ, राजमा खाल्ल्यावर ज्यांचं पोट तंबोऱ्यासारखं ताणलं जातं, त्यांचंही. कडधान्यांत काही अशा साखरा असतात की त्या फोडायला लागणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्या आंबवून वायू सोडतात. डाळ-उसळीला हिंग-जिऱ्याची फोडणी देण्याची आपली सवय स्वयंपाकघरात उगाच रुजलेली नाही.

आता दुसरा माणूस घ्या. छातीत-घशात जळजळ, आंबट-कडू पाणी वर येणं, तोंड येणं, उपाशीपोटी पोटात आग पडणं. हे आम्लपित्त आहे. त्याला सुंठ, मिरी, पिंपळी आणि हिंग एकत्र देणं म्हणजे त्रासात भर घालणं. पोटात किंवा आतड्यात व्रण असेल, मूळव्याधीतून रक्त जात असेल, तरीही हे नको. अशांसाठी लेखाच्या शेवटी धन्याचं पाणी दिलं आहे, थेट तिकडे जावं.

गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हे घरच्या अंदाजानं घेऊ नये. तान्ह्या बाळाच्या पोटावर बेंबीभोवती हिंगाचा पातळ लेप लावतात तेवढ्यावर थांबावं, बाळाच्या तोंडात हिंग घालू नये. मिरी आणि पिंपळी या दोन्हींत पिपरीन असतं, आणि ते काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. फिट्सवरचं फेनिटोइन, दम्यावरचं थिओफायलिन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल ही त्यातली माहितीची नावं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये.

साहित्य

साधारण 72 ग्रॅम चूर्णासाठी:

सुंठ, काळी मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव: प्रत्येकी 10 ग्रॅम (कपडछान झाल्यावरचं वजन)
हिरा हिंग: अडीच ग्रॅम
साजूक तूप: हिंग तळण्यापुरतं

चमच्यानं मापू नये. सैंधव जड, ओवा हलका. समान चमचे घेतले की वजनं कुठल्या कुठे जातात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दहा ग्रॅमपर्यंत ठीक चालतो, पण हिंगाच्या अडीच ग्रॅमसाठी तो भरवशाचा नाही. सोनाराकडे किंवा ओळखीच्या औषधांच्या दुकानात तोलून घ्यावा.

हिंगाच्या या मापावर जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. रूढ पाठात आठही द्रव्यं समभाग आहेत, म्हणजे हिंगही दहा ग्रॅम. काही वैद्य तेवढा घालतात, काही बराच कमी. माझं मत कमी घालण्याकडे आहे, निदान घरच्या चूर्णात तरी. खऱ्या हिरा हिंगाचा दहावा-आठवा हिस्सा असलेलं चूर्ण कोमल कोठ्याच्या माणसाला मळमळ आणतं आणि मग डबा फडताळात पडून राहतो. पाव भाग हिंगानंही चूर्णाला नाव सार्थ करण्याइतका वास आणि जोर येतो. कोणाला पूर्ण समभाग हवा असेल तर तो वैद्याच्या सांगण्यावरून, आणि मात्रा कमी करून.

बाजारात काय मागावं

इथं जरा रेंगाळावं लागेल, कारण चूर्ण बिघडतं ते बहुतेक वेळा दुकानातच.

हिंग आधी. पिवळ्या डबीतला, चिमटीनं फोडणीत टाकायचा तो बांधानी हिंग. त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो, खरा हिंग थोडा. फोडणीला तो उत्तम, कारण शुद्ध हिंग इतका उग्र की आमटीत त्याचं माप सांभाळणं अवघड. चूर्णाला मात्र तो उपयोगाचा नाही. आपण औषध म्हणून पीठ खातो आणि ते पीठ पुढे दमटही होतं. शिवाय गव्हाचं वावडं असलेल्या, म्हणजे सीलिॲकच्या रुग्णाला त्या मैद्यानंच त्रास होईल. मागावा तो खडा हिंग, आणि त्यातलाही हिरा हिंग: फिकट, अर्धपारदर्शक, चिकटसर खडे. पाण्यात घासला की दुधासारखा पांढरा होतो, चमच्यावर धरून पेटवला तर कापरासारखा जळतो.

हा हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाला चीर देऊन गोळा केलेला, सुकलेला चीक. तो येतो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून. उत्तर प्रदेशातल्या हाथरसमध्ये त्यावर प्रक्रिया करून बांधानी हिंग बनतो. एवढा हिंग खाणाऱ्या देशात त्याची लागवडच नव्हती. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेनं 15 ऑक्टोबर 2020 रोजी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, पहिलं रोप लावलं. चीक मिळायला झाडाला काही वर्षं लागतात, त्यामुळे तूर्त आपल्या खलबत्त्यात पडणारा हिंग परदेशीच धरून चालावा.

शहाजिरे मागताना ‘काळं जिरं’ म्हणू नका. या नावाखाली दुकानदार तीन वेगळ्या वस्तू देऊ शकतो: शहाजिरे, कलौंजी, नाहीतर कडू जिरे. कडू जिरे हे जंतांवरचं, जहाल कडू औषध. ते चूर्णात गेलं तर एक चिमूटही घशाखाली उतरणार नाही. शहाजिरे साध्या जिऱ्यापेक्षा बारीक, गडद, किंचित बाकदार असतात आणि चोळले की बिर्याणीचा वास येतो. कलौंजी त्रिकोणी, मिट्ट काळी.

पिंपळी म्हणजे फळ: करड्या-काळ्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं, खडबडीत. पिंपळमूळ म्हणजे गंठोडा हे त्याच वेलीचं मूळ, ती वेगळी वस्तू. पिंपळी मोडून पाहावी. आतून पोकळ, भुसभुशीत, बिनवासाची असेल तर जुनी. ताज्या पिंपळीचा कण जिभेवर ठेवला की आधी गोडसर लागतो आणि मग जीभ बधिर होते.

सुंठ पांढरीशुभ्र नको. तो रंग बहुधा चुन्याचा असतो. मातकट रंगाची, मोडल्यावर आत पिवळसर आणि झणझणीत वासाची घ्यावी. पाण्यात बुडवून धुवायची वेळ येऊ नये. मिरीचे दाणे पाण्यात टाकून पाहावेत. चांगली मिरी तळाशी जाते. पपईच्या सुकवलेल्या बियांची भेसळ असेल तर त्या वर तरंगतात. परीक्षा घेतलेले दाणे चूर्णात घालू नयेत, ते आमटीला.

मूळ पाठात ओव्याच्या जागी अजमोदा आहे. महाराष्ट्रात बहुतेकजण ओवाच घालतात आणि त्यात काही बिघडत नाही, उलट वायूच्या कळेला ओव्याची साथ चांगली. वर्षभराच्या जुन्या डब्यातला ओवा घेऊ नये. हातावर चोळून नाकाशी धरल्यावर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. जिऱ्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सैंधव खड्याचं आणावं, दळलेलं नको.

कृती

आदल्या दिवशी सगळी द्रव्यं निवडून ठेवा. ओव्या-जिऱ्यात काड्या आणि खडे हमखास असतात.

ऊन कडक असेल तर सुंठ, मिरी, पिंपळी आणि बिया ताटात पसरून दोन-तीन तास उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार, आणि वायूच्या तक्रारी तर याच दिवसांत वाढतात. तेव्हा जाड बुडाची कढई तापवून, गॅस बंद करून, मग त्यात द्रव्यं टाका आणि ती कोमट होईपर्यंत हलवत राहा. भाजू नका. जिरं खमंग भाजलं की घरभर दरवळतं, तो दरवळ म्हणजे बियांमधलं उडून जाणारं तेलच. मसाल्याला ते चालतं, चूर्णात ते डब्यात राहायला हवं.

सैंधव मात्र नीट भाजा. मंद आचेवर कोरड्या कढईत पाच-सात मिनिटं, खडे तडतडायचे थांबेपर्यंत. मीठ हवेतलं पाणी ओढतं. न भाजता घातलं तर मुंबई-कोकणच्या हवेत पंधरा दिवसांत चूर्णाचा गोळा होतो.

आता हिंग. लहान लोखंडी पळीत चमचाभर तूप मंद आचेवर वितळवा. हिंगाचे खडे हरभऱ्याएवढे फोडून त्यात सोडा. ते हळूहळू फुगतात, हलके होतात. उग्र, कच्चा वास जाऊन कांदा-लसणीच्या फोडणीकडे झुकणारा वास आला आणि रंग बदामी झाला की पळी लगेच उतरवा. लालभडक होऊ देऊ नका, कडवट होतो. खडे तुपातून काढून कागदावर टिपून घ्या आणि गार होऊ द्या. बोटानं दाबल्यावर कुरकुरीत मोडला तर हिंग तळला गेला. आत चिकट लागला तर परत पळीत. या तळण्याला शुद्धी म्हणतात, आणि ती टाळून कच्चा हिंग घालण्याची घाई करू नये. पोटात मळमळ उठवतो तो बहुधा कच्चाच.

तळलेला हिंग एकटा कुटायला घेतला तर बत्त्याला चिकटतो. म्हणून तो गार सैंधवाबरोबर कुटा. मिठाचे कण त्याला रगडून पीठ करतात.

बाकीची द्रव्यं प्रत्येक वेगळी कुटायची. सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकण्याचा मोह होतो. मग ओव्याचं पीठ होतं, सुंठीचे दोरे राहतात, आणि गाळताना ते दोरेच कपड्यावर उरल्यामुळे चूर्णात सुंठ कमी पडते. म्हणून सुंठ तेरा-चौदा ग्रॅम घ्या, आधी खलबत्त्यात ठेचून तुकडे करा, मग मिक्सरला थांबत थांबत फिरवा. पात्याच्या उष्णतेनंही सुगंधी तेलं उडतात. भांडं हाताला गरम लागलं की थांबायचं. पिंपळीही आधी ठेचावी लागते. मिरी कुटताना नाकाला रुमाल बांधा. ओवा, जिरे, शहाजिरे शेवटी, त्यांना फारसा वेळ लागत नाही.

कपडछान करायला मलमलचं स्वच्छ, पूर्ण कोरडं फडकं घ्या. भांड्याच्या तोंडावर सैलसर बांधा, त्यावर एकेक पूड टाका आणि हलक्या हातानं फिरवा, दाबून रगडू नका. कपड्यावर उरलेलं पुन्हा एकदा कुटून गाळा. त्यानंतरही उरेल तो चोथा चहाच्या मसाल्यात किंवा आमटीत जाऊ द्या. गाळलेली प्रत्येक पूड आता दहा ग्रॅम तोला.

मिसळताना क्रम सांभाळा. हिंग-सैंधवाच्या मिश्रणात आधी तेवढीच ओव्याची पूड, ते एकजीव झालं की जिऱ्याची, मग पुढची. अडीच ग्रॅम हिंग सत्तर ग्रॅमच्या ढिगावर एकदम टाकून ढवळला तर एका चमच्यात सगळा हिंग आणि दुसऱ्यात नुसती जिरेपूड येते. शेवटी सगळं चूर्ण पिठाच्या बारीक चाळणीतून दोनदा चाळा. रंग फिकट मातकट, वास आधी हिंगाचा, मागून ओव्याचा.

काचेची, घट्ट झाकणाची बाटली. प्लॅस्टिकमध्ये हिंगाचा वास मुरतो आणि त्या डब्यात पुढे काहीही ठेवता येत नाही. बाटलीवर तारीख लिहा. चूर्णाचा गुण दोन महिन्यांत उतरतो असं आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर यानं लिहून ठेवलं आहे. दुकानातल्या सीलबंद बाटलीवरची मुदत याहून पुष्कळ लांब असते, पण घरच्या बाटलीत दिवसातून दोनदा ओला हात आणि चमचा जातो, तेव्हा शार्ङ्गधराचंच ऐकावं. म्हणूनच माप 72 ग्रॅमचं ठेवलं. अर्ध्या किलोचं करून नातेवाइकांत वाटायचं असेल तर त्याच आठवड्यात वाटा.

घ्यायचं कसं

गरम, मऊ भाताचा एक मोठा घास ताटात बाजूला काढा. त्यावर चमचाभर पातळ साजूक तूप, आणि सपाट अर्धा चहाचा चमचा चूर्ण, म्हणजे साधारण एक-सव्वा ग्रॅम. कालवा, चावून खा, मग बाकीचं जेवण. भात खात नसाल तर भाकरीच्या पहिल्या तुकड्यावर. दुपारी आणि रात्री, दोन्ही जेवणांना घेतलं तरी मिठाची भर अर्ध्या ग्रॅमच्या आतच राहते. पण ज्यांना डॉक्टरांनी मीठ तोलून खायला सांगितलं आहे त्यांनी ही भरही धरावी, किंवा सैंधव वगळून चूर्ण करावं.

पहिल्या घासाचा आग्रह का? तिखट, सुगंधी द्रव्यं जिभेवर आली की लाळ सुटते, आणि पुढचं अन्न पोटात पडण्याआधीच पाचकरसांची तयारी सुरू होते. सुंठीमुळे जठरातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग वाढतो हे माणसांवरच्या चाचण्यांतही दिसलं आहे, आणि ते घडायचं तर सुंठ अन्नाबरोबर हवी, अन्न साचून तासभर झाल्यावर नव्हे. तुपामुळे तिखटाचा दाह कमी होतो आणि भुकटी घशात उडून ठसका लागत नाही.

तूप चालत नसेल तर ताकातून. लोणी काढलेलं, पातळ, त्याच दिवशीचं ताक वाटीभर, त्यात चिमूटभर चूर्ण, जेवणाच्या अखेरीस. दह्यात घालू नका, दही स्वतःच जड.

आठ-दहा दिवस घेऊन पाहा. फरक पडायचा असेल तर एवढ्यात कळतो: पोट हलकं, भूक वेळेवर. बरं वाटलं की थांबवा, आणि पुढे उसळ-पुरणाच्या दिवसापुरतं ठेवा. वर्षानुवर्षं रोज घेण्याचं हे चूर्ण नव्हे. फरक पडलाच नाही तर मात्रा वाढवत बसू नका, तपासणी करून घ्या. बद्धकोष्ठावर याचा भरवसा धरू नये. त्याला पुरेशा पाण्याबरोबर इसबगोल किंवा रात्री त्रिफळा. जुलाब लागले असतील तर तिथं चूर्ण नको, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस हवं.

आणि हे नीट वाचा. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम. याला ‘गॅस झालाय’ म्हणून हिंग्वाष्टक देत बसलेली घरं पुष्कळ आहेत. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या. काळी, डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, बेंबीपासून सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकणारी कळ, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार: यांतलं काहीही असलं तर बाटली बंद ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

जळजळवाल्यांसाठी धन्याचं पाणी

शार्ङ्गधरानं हिमाची, म्हणजे द्रव्य गार पाण्यात भिजवून घेण्याची रीत सांगितली आहे: एक भाग द्रव्य, सहा भाग गार पाणी, रात्रभर. दहा ग्रॅम धने भरड कुटा, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात साठ मिलिलिटर गार पाण्यात भिजवा आणि झाकून ठेवा. उकळायचं नाही. सकाळी हातानं कुस्करून गाळा, चवीपुरती खडीसाखर घालून घ्या. मधुमेह असेल तर साखरेशिवाय. उन्हाळ्यात यात चमचाभर बडीशेपही भिजवावी. हे पाणी त्याच सकाळी संपवायचं, दुपारपर्यंत ठेवलं की आंबूस होतं. जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल तर हेही पुरेसं नाही, व्रण किंवा जंतुसंसर्ग आहे का ते पाहावं लागतं.

दोन महिन्यांनी बाटलीत हिंग्वाष्टक उरलं असेल तर टाकू नका. औषध म्हणून त्याचा जोर कमी झाला तरी चव शाबूत असते. मठ्ठ्यात घाला, काकडीवर भुरभुरवा, भाजलेल्या पापडावर टाका. चूर्णात मीठ आहे, तेव्हा मठ्ठ्यात वेगळं मीठ घालण्याआधी चव घ्या.